इतर हक्क वाचलेस का?

बस खाली. चहा नंतर घे. आधी ती फाइल इकडे कर.

ही पावती कसली? पन्नास हजार, 'व्हिसा प्रोसेसिंग ॲडव्हान्स'. देश कुठला, व्हिसा कुठल्या प्रकारचा, काही लिहिलेलं नाही. खाली सही मात्र तुझी, अगदी वळणदार. आयटीआयमध्ये दोन वर्षं घसा फोडून सांगत होतो, लाइनवरची पाटी वाचल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. पावणे गावातल्या कंपनीत आठ वर्षं रिॲक्टर चालवतोस, तिथं हा नियम पाळतोस म्हणून तर अजून धडधाकट आहेस. मग बायकोच्या बांगड्या गहाण टाकताना डोळे कुठं गेले होते?

म्हणे, "सर, दुबईचा व्हिजिट व्हिसा लगेच मिळतो, तिथं गेल्यावर कन्व्हर्ट करतात." करतात म्हणजे कोण करतं? त्या कंपनीचं नाव सांग. नाही ना सांगता येत? व्हिजिट व्हिसावर काम करणं हा तिथं गुन्हा आहे. नोकरीचा परवाना मालकानं काढायचा असतो, त्याचा खर्चही त्यानंच करायचा असतो. मग मेडिकल, एमिरेट्स आयडी, आणि त्यानंतर राहण्याचा व्हिसा, बहुधा दोन वर्षांचा. मालकाचा खर्च तू का उचलतोयस? आणि मालकाचा पत्ताच नसताना?

पासपोर्टवर ईसीआरचा शेरा नाही म्हणून एजंटानं तुझी पाठ थोपटली असेल. तू दहावी पास, म्हणून तुला सरकारी मंजुरी लागत नाही, हे खरं. पण याचा अर्थ समजलास का? 1983 च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे कमी शिकलेला मजूर आखातात निघाला, की त्याचा करार आधी सरकारी अधिकारी बघतो. तू शिकलेला, तेव्हा तू तुझा करार स्वतः वाचशील असं सरकारनं धरलंय. सरकारचा तुझ्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास दिसतो! आणि नोंदणी असलेल्या एजंटाला कामगाराकडून 30,000 रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचं नाव आहे का हे बघायला दोन मिनिटं लागतात. तू बघितलं नाहीस. मी बघितलं. नाही तिथं.

अरे, तू पावण्याचा पोरगा. एमआयडीसी आली, सिडको आली, जमिनी गेल्या, पण जाताजाता या गावाला सातबारा वाचायला शिकवून गेल्या. गुंठाभर जागा घ्यायची तरी तुझे वडील नाव बघून थांबत नाहीत, 'इतर हक्क' रकान्यावर बोट ठेवून विचारतात, बोजा कुणाचा, कूळ कोण. व्हिसालाही तसाच रकाना असतो. काम कुणाकडे करता येईल? नोकरी सुटली तर किती दिवसांत चंबूगबाळं उचलायचं? बायकोमुलीला नेता येईल का? पाच वर्षांनी तिथंच राहायचं म्हटलं तर वाट आहे का? तू एजंटाला काय विचारलंस? "किती दिवसांत मिळेल?" शाबास.

आता हा दुसरा कागद. जर्मनीचं शान्सनकार्ट. हे निदान खरं आहे, जून 2024 पासून सुरू आहे. पण तेही नोकरीचं पत्र नव्हे, नोकरी शोधायची मुभा आहे, एका वर्षाची. आठवड्याला 20 तास अर्धवेळ काम चालतं. खात्यात आधी पैसे अडकवून ठेवायचे. 2025 च्या हिशेबानं महिन्याला 1,091 युरो, म्हणजे वर्षाचे तेरा हजारांच्या वर. बायकोमुलीला त्यावर सहसा बोलावता येत नाही. किमान दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण लागतं. तुझा केमिकल प्लांटचा ट्रेड दोन वर्षांचा, म्हणून तू त्यात बसतोस. तुझा तो वेल्डर मित्र, ज्याच्यासोबत तिकीट काढायचं ठरवलंयस, त्याचा कोर्स एकच वर्षाचा. त्याच्याकडे दुसरं काही नसेल तर त्याला सांगून टाक.

तुझी खरी वाट तिसरी आहे, आणि तिची तू साधी चौकशी केली नाहीस, कारण ती लांबची आहे. आधी जर्मनीत ट्रेडची मान्यता. न्यूरेंबर्गला आयएचके फोसा नावाचं कार्यालय आहे, ते तुझा अभ्यासक्रम आणि अनुभव तिथल्या ट्रेडशी ताडून बघतं. मान्यता आणि हातात नोकरीचा करार असला, की कुशल कामगाराचा परवाना मागता येतो. त्या परवान्यावर बायकोमुलीचं बोलता येतं, कायमच्या वास्तव्याचंही. मान्यता अर्धी मिळाली तरी रस्ता बंद होत नाही, राहिलेलं तिथं शिकून भरता येतं. आणि जर्मन भाषा. ती तुझ्याऐवजी एजंटाला शिकता येत नाही, तुलाच शिकावी लागेल.

हे बघ तुझं अनुभवपत्र. "सदर इसम आमच्याकडे कामास होता, वर्तणूक चांगली." दोन ओळी, पुसट शिक्का, तोही ठेकेदाराचा. आठ वर्षं तू ग्लास-लाइन्ड रिॲक्टर सांभाळलास, सेंट्रिफ्यूज चालवलास, रात्रपाळीला बॅच एकट्यानं उतरवलीस. त्यातलं इथं काय आहे? 'सदर इसम'! न्यूरेंबर्गच्या माणसानं यावरून काय ताडायचं, तू रिॲक्टर चालवत होतास की गेटवर बसत होतास? ठेकेदार बदलला की पीएफचा नंबर बदलला, तेही कागद तू जपले नसशील. मान खाली घालू नकोस, उत्तर दे.

उद्या प्लांट मॅनेजरकडे जा. कुठली मशीन, कुठली प्रक्रिया, किती वर्षं, हे सगळं कंपनीच्या लेटरहेडवर मागून घे. ठेकेदार नको म्हणेल, त्याला विचारायला जाऊच नकोस. पन्नास हजारांची मागणी एजंटाला आज रात्री लेखी पाठव, फोनवर गोड बोलत बसू नकोस. रविवारी दहाला इथं ये, आयटीआयचं प्रमाणपत्र, मार्कशीट आणि पीएफचे जेवढे सापडतील तेवढे कागद घेऊन.

आणि वडिलांना सोबत आण. रकाना त्यांनाच वाचता येतो. घे आता चहा, निवला असेल.