आजचं चिंतन : दार आणि ताटी



दिवाळी तोंडावर आली. फ्लॅट भाड्याचा, पैसे मोजके, तरी दार नवं दिसावं असं वाटतंच ना? होतं की! घरमालकाला विचारून घ्या, पॉलिश पेपरने जुना रंग घासा, भेगांत लांबी भरा. बाहेरच्या बाजूला दोन हात द्यायला अर्धा लिटर ऑइल पेंट पुरतो. पितळी कडी चिंचेने लखलखते. वर आंब्याच्या पानांचं तोरण.

पण हे सगळं कशासाठी? लोकांनी बघावं म्हणून, की कुणी यावं म्हणून?

मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग आठवा. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव ताटी लावून आत बसले, अशी कथा सांगतात. ताटी म्हणजे झोपडीचं साधं दार. ते कसं दिसतं याच्याशी बाहेर उभ्या धाकट्या बहिणीला देणंघेणं नाही. तिचं मागणं एकच, दार उघड.

शहरात सगळ्यांना कसं उघडायचं, असं कुणी म्हणेल. बरोबरच आहे, सेफ्टी डोअर हवंच. पण सावधपणे लावलेली कडी वेगळी आणि रुसून लावलेली वेगळी. ज्ञानदेवांची ताटी चोरासाठी नव्हती. आपल्याही मनाला अशी एखादी ताटी असतेच. अबोला धरलेला भाऊ, तुटलेली मैत्रीण.

रंगाचा पहिला हात वाळायला रात्र जाते. तेवढ्यात त्या एका माणसाला फोन करा, फराळाला बोलवा. खर्च शून्य, पण जड तेच जातं.

जय हरी!