हौशी वादकाचा हक्क

घरी हौसेने पियानो वाजविताना आवडती रचना आपल्या सोयीच्या पट्टीत आणून घ्यावी काय? प्रश्न क्षुल्लक वाटतो खरा, पण त्यात सचोटीचा मुद्दा आहे. शूबर्टने १८२७ साली लिहिलेली एक ‘इम्प्रॉम्प्टू’ सहा फ्लॅटांच्या पट्टीत आहे. बोटांना सारखे काळ्या पट्ट्यांवर चढावे लागते. त्याच्या मृत्यूनंतर, १८५७ साली, व्हिएन्नाच्या प्रकाशकाने ती अर्धा स्वर चढवून सोप्या जी मेजरमध्ये छापली. हा अन्याय झाला काय?

आपल्याकडे गवई काळी एकमध्ये गातो, गायिका काळी चारमध्ये. म्हणून राग बदलला असे कोणी म्हणत नाही. स्वरांची परस्पर नाती टिकली की गाणे टिकते. मात्र आपल्या रागाला ठरलेली पट्टी नसतेच. शूबर्टने ती स्वतः निवडली होती.

तेव्हा मला वाटते, घरच्या वादकाने खुशाल पट्टी बदलावी. बोटे अडून आनंदच हुकण्यापेक्षा ते बरे. पण ऐकणाऱ्याने वाहवा केली, तर ‘मुळात ही अशी नाही’ एवढे सांगावे. कर्ता हयात नसतो. त्याच्या वतीने बोलणारे त्या खोलीत आपणच असतो.