वाट चुकणें आणि वाट न सोडणें

एकाच स्वभावधर्माला आपण दोन नांवें देतों. मनुष्य यशस्वी झाला कीं त्याच्या चिकाटीला आपण निश्चय म्हणतों. तोच फसला कीं त्याच चिकाटीला हट्ट म्हणून मोकळे होतों. वीस वर्षें कोर्टाच्या पायऱ्या झिजवून दावा जिंकणारा मनुष्य करारी ठरतो, आणि हरणारा हेकट. वास्तविक पायऱ्या दोघांनींहि सारख्याच झिजविलेल्या असतात. मग निश्चय आणि हट्ट यांत फलाखेरीज कांहीं भेद आहे कीं नाहीं? भेद नसेल, तर कोणालाहि आगाऊ सल्ला देण्याचा आपणांस अधिकार उरत नाहीं. शेवट झाल्यावर पाठ थोपटणें किंवा नाक मुरडणें एवढेंच काय तें आपल्या हातीं राहतें. भेद असेल, तर तो वाटेंतच, शेवट दिसण्यापूर्वीं, ओळखतां आला पाहिजे.

या प्रश्नाचा निकाल लावण्यास आपल्या संसारांतील उदाहरणें फारशीं उपयोगी पडत नाहींत. द्रव्य, लौकिक, मानापमान यांची त्यांत इतकी गुंतागुंत असते कीं, कोणत्या गोष्टीमुळें काय झालें हें निवडून काढतां येत नाहीं. म्हणून मी एक दूरचें व अगदीं उघडें उदाहरण घेतों. तीन माणसें, एक होडी आणि एका सरोवराकडे जाणारी वाट, एवढाच त्यांतला ऐवज आहे.

कॅनडाच्या ईशान्य टोंकास लॅब्राडोर नांवाचा प्रदेश आहे. खडक, दलदल, सूचिपर्णी वृक्षांचीं अरण्यें आणि अगणित तळीं यांनीं तो व्यापलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथें अंतर्भागांत रस्ते नव्हते. नद्या हेच रस्ते. प्रवासाचें साधन म्हणजे कॅनू. दोन्ही टोंकांस निमुळती अशी ही होडी इतकी हलकी असते कीं, एक मनुष्य ती उलटी करून खांद्यावर घेऊन चालूं शकतो. हें खांद्यावर घेणें हा त्या प्रवासाचा मोठाच भाग होय. धबधबा आला, पाणी उथळ झालें, किंवा एका नदीचें खोरें सोडून दुसऱ्या खोऱ्यांत उतरावयाचें झालें, कीं होडी आणि सामान पाठीवर घेऊन रान तुडवावें लागतें. सामान एका खेपेंत जात नाहीं. ओझें घेऊन जावयाचें, रिकाम्या हातानें परत यावयाचें आणि पुन्हां ओझें घेऊन जावयाचें. म्हणजे दोन खेपांचें सामान असलें तर एक मैल वाट सरण्यास तीन मैल चालणें आलें. म्हणून तेथें नदी निवडतांना नुसतें अंतर पाहून भागत नाहीं. पाणी किती, चढ किती, खांद्यावरची मजल किती, आणि तितके दिवस पुरेल एवढें अन्न जवळ आहे कीं नाहीं, याचा हिशेब करावा लागतो. त्यांतून तिकडचा उन्हाळा आंखूड. वाट लांबली कीं शिधा आणि ऋतु दोन्ही एकदम संपतात.

या प्रदेशाच्या मध्यभागीं मिशिकामाऊ नांवाचें एक विस्तीर्ण सरोवर होतें. १९०३ सालीं लिओनिडास हबर्ड या न्यूयॉर्कच्या एका मासिकांत काम करणाऱ्या तरुण लेखकानें तेथें जाण्याचा बेत केला. सरोवर गांठावें, पलीकडे जॉर्ज नदीवर उतरावें, कॅरिबू जातीच्या हरणांचे स्थलांतर करणारे कळप आणि त्यांच्यावर जगणारे लोक पाहावे, आणि तें सारें लिहून नांव मिळवावें, असा त्याचा उद्देश होता. सोबतीला डिलन वॉलेस हा वकील मित्र आणि जॉर्ज एल्सन हा वाटाड्या. एल्सनची आई क्री जमातीची व बाप स्कॉटिश. जेम्स उपसागराकडे तो वाढलेला. होडी आणि रान यांत तो मुरलेला होता. परंतु लॅब्राडोरचा हा भाग तिघांपैकीं एकानेंहि पूर्वीं पाहिलेला नव्हता. १५ जुलै रोजीं ते नॉर्थ वेस्ट रिव्हर या ठाण्याहून निघाले. शिधा बेताचा होता. उरलेली भिस्त शिकारीवर व माशांवर.

त्यांच्याजवळचा नकाशा सरकारी पाहणीवर आधारलेला होता. वाटेंतील ग्रँड लेक या लांबट सरोवराला एकच नदी मिळते असें त्यांत दाखविलें होतें. प्रत्यक्षांत तेथें एकाहून अधिक नद्या मिळतात. त्यांना हवी होती ती नास्कोपी नदी. तिच्या मुखावरून ते होडी हांकीत पुढें गेले आणि सरोवराच्या टोंकाशीं जें पाणी आलें तीच आपली नदी असें समजून त्यांत शिरले. तो होता सुसान नांवाचा एक ओढा.

येथपर्यंत हबर्डचा नैतिक अपराध कोणता? मला तर एकहि दिसत नाहीं. नकाशा विश्वासू मनुष्यानें केलेला होता, आणि त्यावर विश्वास ठेवणें हें शहाणपणाचें होतें. जेथें ज्ञान अपुरें असतें तेथें चूक होणारच. चुकूं नये अशी ज्याची प्रतिज्ञा असेल त्यानें घराचा उंबरठाच ओलांडूं नये. वाट चुकणें हा बुद्धीचा दोष असेल, दैवाचा असेल; तो शीलाचा दोष नव्हे.

पण पुढें काय झालें तें पाहा. ओढ्याचें पाणी लवकरच उथळ झालें. खडकांमधून होडी ओढावी, नाहीं तर खांद्यावर घ्यावी, यांतच दिवस जाऊं लागले. दिवसाकाठीं दोन मैल वाट सरली तरी पुष्कळ, अशी अवस्था झाली. एवढ्या मोठ्या सरोवराकडे नेणारी नदी अशी असेल काय, हा प्रश्न ओढा प्रत्येक वळणावर विचारीत होता. नकाशा एकदांच बोलतो. नदी रोज बोलते. तरीहि ते पुढेंच गेले.

माणसें असें कां करतात? श्रमाचा एक चमत्कारिक गुण आहे. ज्या वाटेवर आपण घाम गाळला ती वाट आपणांस हळूहळू खरी वाटूं लागते. पहिल्या दिवशीं परत फिरणें म्हणजे एक दिवस गमावणें. विसाव्या दिवशीं परत फिरणें म्हणजे वीस दिवस गमावणें. म्हणून चूक जितकी मोठी होत जाते, तितकी ती कबूल करणें कठीण होत जातें. मन म्हणतें, इतकें केलें, आतां माघारें कसें फिरावयाचें? परंतु या वाक्यांत तर्कशास्त्राचा लवलेश नाहीं. आजवर वाहिलेलीं ओझीं ही ओढा सरोवराकडे जातो याची साक्ष नव्हे. तीं फक्त आमच्या खांद्यांची साक्ष होत. गेलेले श्रम पुढें गेल्यानें परत मिळत नाहींत आणि माघारें फिरल्यानेंहि मिळत नाहींत. निवड करावयाची ती उरलेल्या अन्नाची आणि उरलेल्या दिवसांची.

निश्चय आणि हट्ट यांतील भेद मला येथें सांपडतो. निश्चय साध्याला धरून असतो, हट्ट साधनाला. हबर्डला सरोवर हवें होतें, ओढा नव्हे. सरोवरावर दृष्टि ठेवणारा मनुष्य ओढा सोडण्यास सदैव तयार असला पाहिजे. त्याची माघार हाच त्याच्या निश्चयाचा पुरावा. उलट ज्याला ओढा सोडवत नाहीं, त्यानें नकळत आपलें साध्यच बदललेलें असतें. सरोवर गांठणें हें त्याचें ध्येय राहिलेलें नसून आपण चुकलों नाहीं असें ठरविणें हें ध्येय होऊन बसलेलें असतें.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रत्येक वळणावर फेरविचार करणारा मनुष्य कोठेंच पोंचणार नाहीं. आक्षेप खरा आहे. चंचलपणाला विवेक म्हणण्याची चूक पुष्कळ सुशिक्षितांच्या हातून होते. यावर उपाय एकच. कोणत्या खुणा दिसल्या म्हणजे थांबावयाचें आणि शिधा किती उरला म्हणजे परतावयाचें, हें निघण्यापूर्वीं, पोट भरलेलें असतांना ठरवून ठेवावें. भुकेल्या आणि थकलेल्या मनाला त्या घटकेला न्यायाधीश करूं नये.

सप्टेंबरांत एका टेकडीवरून त्यांना दूरवर मिशिकामाऊ दिसलें. दिसलें, पण तेथवर पोंचण्याची वाट सांपडेना. वाऱ्यानें होडी पाण्यांत घालवेना. माशांचें जाळें आधींच कुजकें निघालें होतें. अखेर सप्टेंबरच्या मध्यास हबर्डनें परतण्याचा निर्णय घेतला. डोळ्यांसमोर आलेलें साध्य सोडणें सोपें नसतें, आणि त्यानें तें सोडलें, हें त्याच्या बाजूनें अवश्य नमूद केलें पाहिजे.

मात्र परततांना पुन्हां एकदां वाट निवडण्याची वेळ आली. येतांना लागलेल्या एका मोठ्या नदीनेंच खालीं उतरावें, असें एल्सनचें मत पडलें. ती नदी सोडूं नका असा दृष्टांत आपणांस स्वप्नांत झाला, असेंहि त्यानें सांगितलें. हबर्डनें तें मानलें नाहीं. ती नदी कोठें जाते हें कोणाला ठाऊक होतें? सुसानची वाट वाईट होती, पण पायाखालची होती, आणि येतांना तेथें टाकलेलें थोडें पीठ मिळण्याची आशा होती. ती अनोळखी नदी, बीव्हर, खरोखर ग्रँड लेकलाच मिळते. हें आज आपण नकाशा उघडून बोलतों. हबर्डजवळ असा नकाशा नव्हता. म्हणून या निवडीबद्दल मी त्याला हट्टी म्हणणार नाहीं. मात्र तिघांच्या जिवाचा प्रश्न असतां शेवटचा शब्द एकाचाच असावा काय, हा प्रश्न उरतोच. एल्सन पगारी नोकर. त्यानें मत दिलें, आणि मालकानें ऐकलें नाहीं तेव्हां निमूटपणें होडी सोडून तो त्याच्या मागें चालूं लागला. त्याची निष्ठा थोर खरी. पण अशी निष्ठा ज्याच्या वांट्याला येते त्याच्यावर दुप्पट सावध राहण्याचें ऋण चढतें. आपल्या जिवावर हट्ट करणारा फार तर वेडा ठरेल. दुसऱ्याच्या जिवावर करणारा अन्यायी ठरतो.

१८ ऑक्टोबर रोजीं हबर्डला पाऊल टाकवेना. त्याला तंबूंत ठेवून दोघे पिठाच्या शोधांत निघाले. बुरसटलेलें पीठ मिळालें. तें घेऊन वॉलेस परत फिरला, पण बर्फांत त्याला तंबू सांपडला नाहीं. एल्सन एकटा पुढें चालत गेला आणि शिकाऱ्यांच्या वस्तीला पोंचला. त्यानें धाडलेल्या माणसांना वॉलेस जिवंत सांपडला, हबर्ड मेलेला. ज्याचा सल्ला मानला गेला नाहीं, त्याच्याच पायांनीं अखेर मदत आणली.

दोन वर्षांनीं, १९०५ सालीं, हबर्डची पत्नी मीना त्याच सरोवराकडे निघाली. होडी हांकण्यास चार माणसें: त्यांत एल्सन होता, आणि वॉलेसला बर्फांतून सोडविणाऱ्या शिकाऱ्यांपैकीं एक तरुणहि होता. जाणत्या माणसांच्या हातीं वाट सोंपवून नास्कोपीच्या प्रवाहानें ती वर चढली, मिशिकामाऊ पार केलें, आणि ऑगस्टच्या अखेरीस जॉर्ज नदीच्या मुखाशीं पोंचली. वॉलेसहि त्याच सुमारास स्वतंत्रपणें निघाला होता. तो नदी सोडून इन्नू लोकांच्या जुन्या पाऊलवाटेनें गेला. ती ठिकठिकाणीं बुजली होती, आणि त्याला ऑक्टोबर उजाडला. पण मिशिकामाऊपाशीं उशीर झालेला दिसतांच त्यानें आपल्या पांचांपैकीं तिघांना माघारें धाडलें आणि एकाच सोबत्यासह तो पुढें गेला. शर्यतीच्या हिशेबानें तो हरला. मला मात्र त्या प्रवासांतील ही घटका फार मोलाची वाटते: साध्य सोडलें नाहीं, आणि त्यासाठीं सर्वांचे जीव पणालाहि लावले नाहींत.

ज्या वाटा या प्रवाशांना अज्ञात वाटल्या त्या इन्नू लोकांच्या वहिवाटीच्या होत्या. कोठें होडी उचलावी, कोठें पाण्यांत घालावी, हें त्यांच्या पिढ्यांना ठाऊक होतें. अरण्य हा शब्द बाहेरून येणाऱ्याचा आहे; आंत राहणारा त्याला घर म्हणतो. आज मिशिकामाऊ निराळें सरोवर म्हणून उरलेलें नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत चर्चिल धबधब्यावरील वीजनिर्मितीसाठीं बांध घालून स्मॉलवुड जलाशय करण्यांत आला, आणि त्यांत तें सामावलें. नास्कोपीच्या उगमाकडचें पाणीहि वळविलें गेलें. इन्नूंच्या शिकारीच्या जागा आणि पूर्वजांचीं थडगीं पाण्याखालीं गेलीं. निर्णय घेतांना त्यांना कोणी विचारलें नव्हतें. वाट निवडणारा एक आणि किंमत देणारा दुसरा, ही गोष्ट तीन माणसांच्या होडींत घडते तशी राज्यांच्या कारभारांतहि घडते.

आपल्या घरांत होड्या नसतात, पण वाटा असतात. मुलगा अमुकच परीक्षेला बसावा असें बाप ठरवितो. मुलगा एकदां नापास होतो, दोनदां होतो. घरांतले दागिने शिकवणीवर खर्ची पडलेले असतात, आणि नेमका तोच खर्च तिसऱ्या वेळीं पुढें केला जातो. अशा वेळीं विचारावयाचे प्रश्न दोनच. मला मुलाचें कल्याण हवें आहे, कीं माझी निवड खरी ठरावयास हवी आहे? आणि जो ही वाट चालतो आहे, तो काय म्हणतो? या दोन प्रश्नांचीं प्रामाणिक उत्तरें देऊनहि जो पुढें जाईल, त्याला अपयश आलें तरी मी त्याला करारीच म्हणेन. जो हे प्रश्न विचारण्याचेंच टाळील, त्याचा मुलगा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाला तरी बापाचा तो हट्टच होता, असें म्हणावें लागेल.