घट, मुद्गर आणि पेनड्राइव्ह

घट फुटतो तो मुद्गराच्या आघाताने, म्हणून नाशालाही कारण लागते असे नैयायिक म्हणतात. उलट नाश हा वस्तूचा स्वभावच असून त्याला बाहेरच्या कारणाची अपेक्षा नाही, असे बौद्ध तार्किक धर्मकीर्तीचे प्रतिपादन आहे. हा वाद मला पुष्कळ दिवस निव्वळ बुद्धीचा व्यायाम वाटे. परंतु गेल्या पावसाळ्यात, आत्याने जात्यावर म्हटलेल्या ओव्या ज्यात साठविल्या होत्या तो अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह संगणकाला लावला, तेव्हा त्याने हजेरी दिली ती तिसऱ्या खेपेस, आणि मिनिटाच्या कामाला अर्धा तास लावून त्याचे धातूचे टोक बोट ठेववेना इतके तापले.

नदीचा गढूळ लोंढा पाहून वर घाटात पाऊस झाला असे जाणणे, याला न्यायशास्त्रात शेषवत् अनुमान म्हणतात. फायलींच्या नावांच्या जागी अगम्य अक्षरे उमटणे, भरलेले फोल्डर रिकामे दिसणे, 'फॉरमॅट करा' अशी मागणी येणे (ती मुळीच मान्य करू नये), हे सारे असेच लोंढे होत. पण येथे लोंढा फार उशिरा येतो. या वस्तूत अक्षर म्हणजे निरोधक पापुद्र्याआड कोंडलेला विद्युत्भार. प्रत्येक पुनर्लेखनाने तो पापुद्रा झिजतो आणि स्वस्त जातीच्या पेशी अशा हजारभर आवृत्त्यांत थकतात, हा झाला मुद्गर. आणि ही वस्तू कोणी हात न लावता कपाटात पडून राहिली तरी तो भार कणाकणाने झिरपत राहतो, तेथे धर्मकीर्तीचे म्हणणे खोडता येत नाही. दोन्ही पक्ष एकाच वस्तूत बिनतक्रार नांदतात, हे पाहून मला थोडी गंमतही वाटली.

त्यातून आत बसलेला नियंत्रक हा एखाद्या धूर्त कारकुनासारखा: चुकलेले आकडे परस्पर दुरुस्त करावेत, निकामी झालेल्या कप्प्यांच्या जागी राखीव कप्पे लावावेत आणि धन्याला 'सर्व ठीक' अशी कैफियत द्यावी, हाच त्याचा शिरस्ता. राखीव संपले की मगच तक्रार बाहेर येते. म्हणून ज्याला आपण प्रथम लक्षण म्हणतो तो बहुधा दप्तरातील शेवटचा दाखला असतो.

मी दुसरे काहीही न करता आधी ओव्या उतरवून घेतल्या. बहुतेक आल्या. एकीत जात्याची घरघर ऐकू येते, आत्या श्वास घेते, आणि फाइल तेथेच थांबते.