पंडित सर आपले कोण?

चंद्रकांत पंडित विदर्भाच्या रणजी संघाचे कोच नाहीत, याला बरीच वर्षं झाली. २०२० मध्ये ते मध्य प्रदेशाकडे गेले. तरी बडनेरा–अकोला अप-डाउन करणाऱ्या आमच्या डब्यात क्रिकेटचा विषय निघाला की त्यांच्या नावामागे 'सर' लागतंच. हे तेच लोक, जे मंत्र्यापासून स्टेशन मास्तरापर्यंत सगळ्यांना अरेतुरे करतात. विदर्भ कुठे हरला की मूर्तिजापूर यायच्या आत कोणीतरी म्हणतं, "पंडित सर असते न भाऊ, त असं नसतं झालं." बाकीचे माना डोलावतात. मीही डोलावतो. या मान डोलावण्यात कृतज्ञता किती आणि दुसरंच काही किती, हे एकदा स्वतःशी खरं बोलून पाहावं असं बरेच दिवस मनात होतं.

विषय डोक्यात घातला तो माझ्या भाच्यानं. तो इंजिनीअरिंगला आहे, क्रिकेट पाहत नाही, लिव्हरपूलचा भक्त आहे. अमरावतीत बसून रात्री बारा-एकपर्यंत इंग्लंडचा फुटबॉल बघणारी ही पोट्टी मला आधी नुसती नादिष्ट वाटायची. पण त्यांच्या यर्गेन क्लॉपनं २०२४ च्या मे महिन्यात क्लब सोडला, तेव्हा त्यांनी त्याच्यासाठी जे केलं ते पाहून मी गप्प झालो. स्टेडियमभर गाणी, फलक, अश्रू. भाच्यानं विचारलं, "मामा, तुमचे पंडित सर गेले तेव्हा तुम्ही काय केलं?" काय सांगणार? काहीच नाही केलं. देशाला टाळं लागत होतं त्याच सुमारास ते गेले, कोणाच्या ध्यानातही आलं नाही, असं सांगून मी वेळ मारून नेली. उत्तर खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

ज्यानं २०१७ चा डिसेंबर अनुभवला नाही त्याला हे वेड कळायचं नाही. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो. साठ वर्षांत एकदाही फायनल नाही. आमच्या लहानपणी रणजीच्या बातमीत विदर्भाचं नाव शोधायचं तर ते दुसऱ्या कोणाच्या तरी द्विशतकाखाली सापडायचं. आणि त्या वर्षी कोलकात्याला ईडन गार्डन्सवर सेमीफायनल, समोर कर्नाटक. त्यांना जिंकायला १९८ हव्या होत्या आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी ते ७ बाद १११ वर अडकले होते. २१ डिसेंबरच्या सकाळी आम्ही गाडीत चढलो ते पेढ्यांची भाषा करतच. तीन विकेट काढायच्या, त्याही शेपटाच्या. पण विनय कुमारनं हात उघडले, मग अभिमन्यू मिथुननं, आणि डब्यातला आवाज बसत गेला. तंबाखू मळणारा हात मळायचा थांबला. कुरुमच्या आसपास नेटवर्क गेलं. अख्खा डबा एकाच मोबाइलवर वाकलेला, मधलं ते चाक नुसतं फिरतंय. परत आलं तेव्हा पडद्यावर १९२ सर्वबाद. पाच धावांनी जिंकलो होतो. रजनीश गुरबानीचे त्या डावात सात बळी. कोणीतरी माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की चष्मा खाली पडला.

मग इंदूरची फायनल, दिल्लीविरुद्ध. गुरबानीची हॅटट्रिक, रणजी फायनलच्या सगळ्या इतिहासातली ती दुसरीच. अक्षय वाडकरच्या १३३. उमेश यादव भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिकेला गेलेला, म्हणून अकोल्याच्या आदित्य ठाकरेला थेट फायनलमध्ये पदार्पण मिळालं. आमच्या ऑफिसातल्या अकोलेकरांनी त्या दिवसांत किती फायली हलवल्या ते विचारू नका. १ जानेवारी २०१८ ला विदर्भ नऊ गडी राखून जिंकला. पुढच्या मोसमात नागपूरला सौराष्ट्राला हरवून पुन्हा कप. दोन्ही वेळा कोच पंडित.

आता माझं पितळ. त्या आनंदात मला सर्वांत गोड काय लागलं होतं? २०१७ च्याच जानेवारीत, त्याच इंदूरच्या होळकर स्टेडियमवर मुंबईचा संघ गुजरातकडून फायनल हरला होता. तेव्हा मुंबईचे कोच पंडित होते. त्यानंतर मुंबईनं त्यांना ठेवलं नाही. आणि वर्षाच्या आत हा माणूस त्याच मैदानावर आमच्या पोरांना घेऊन कप उचलतो! डब्यात मी हेच पुन्हा पुन्हा सांगत होतो, गुरबानीच्या स्विंगपेक्षा जास्त. मुंबईनं नको म्हटलं आणि आमच्याकडे त्याचं सोनं झालं, ही ती गोडी. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष ऐकत मोठे झालो आम्ही. एका कपानं सगळ्याचं उट्टं निघाल्यासारखं वाटलं. पण हे उट्टं ज्यांच्या खांद्यावरून काढलं ते पंडित स्वतः मुंबईचे, आचरेकर सरांच्या हाताखाली घडलेले. मुंबईच्या क्रिकेटचा तो खडूसपणा त्यांनी विदर्भाला दिला, म्हणून तर विदर्भ जिंकला. मला ते सोयीनं विसरायला झालं.

आणखी एक सोय. संघ हरला की मी म्हणतो, हा काही विदर्भाचा संघ नाही, नागपूरचा संघ आहे. अमरावती-अकोल्याच्या पोरांना कोण विचारतं? जिंकला की तोच संघ आपला होतो, आणि आदित्य ठाकरे, अथर्व तायडे ही अकोल्याची नावं मी पहिल्या बोटावर मोजतो.

पंडितांच्या शिस्तीचं कौतुक तर आमच्याकडे मारुतीच्या शेपटासारखं वाढतच गेलं. वेळेत हयगय नाही, लाड नाहीत, मोठं नाव म्हणून सूट नाही. पुढे ते कोलकाता नाइट रायडर्सचे कोच झाले. नामिबियाच्या डेव्हिड वीसनं नंतर एका मुलाखतीत सांगितलं की तिथल्या परदेशी खेळाडूंना ही कडक शिस्त जड गेली. ते वाचून आमचा डबा हसला, गोऱ्यांना झेपलं नाही म्हणून. मीही हसलो. माझी मुलगी मैदानावर जाते. तिला उशीर झाला म्हणून तिच्या सरांनी फेऱ्या मारायला लावल्या, की सीमारेषेबाहेर उभा राहून पुटपुटणारा बाप मीच असतो: लहान आहे अजून, एवढं काय त्यात. म्हणजे शिस्त मला आवडते ती टीव्हीवरची, दुसऱ्याच्या पोराला लावलेली, आणि शेवटी कप दिसत असेल तर. गुरबानीच्या आईवडिलांना त्या काळात काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनाला एकदाही शिवला नव्हता.

या सगळ्याहून जास्त मला टोचतो तो २०१९-२० चा मोसम. पंडितांचं विदर्भातलं तिसरं वर्ष. संघ बाद फेरीतही गेला नाही. दोन वर्षं डोक्यावर घेतलेल्या माणसाबद्दल डब्यात काय बोललं जात होतं, ते मला चांगलं आठवतं. हात गेला म्हणे आता. पोरांना फार दामटतात म्हणे. आणि नावामागचं 'सर' गळून नुसतं 'पंडित' उरलं होतं. ते परत लागलं कधी? ते गेल्यावर. दुसऱ्या कोणाला त्या जागी बघितल्यावर. भाच्यानं मला लेस्टरच्या क्लॉडिओ रानिएरींची गोष्ट सांगितली. २०१६ मध्ये कोणाच्या स्वप्नातही नसलेलं विजेतेपद त्यांनी त्या छोट्या क्लबला मिळवून दिलं, आणि वर्ष भरायच्या आत क्लबनं त्यांना काढलं. लेस्टरच्या लोकांना ते फार लागलं, म्हणाला. मी म्हटलं, क्लबवाले निष्ठुर असतात. मनात मात्र माहीत होतं की त्या वर्षी विदर्भाच्या मालकीत माझा एक टक्का जरी असता, तरी मीही हात वर करून मत दिलं असतं.

२०२२ च्या जूनमध्ये अमरावती–अकोला रस्ता जगभर गाजला. महामार्गाचं सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण पाच दिवसांत झालं, गिनीज बुकात नाव गेलं, आणि जन्मभर त्या रस्त्यानं कंबर मोडून घेतलेली माणसं छाती काढून बोलायला लागली. त्याच महिन्याच्या शेवटी मध्य प्रदेशानं बंगळुरूच्या चिन्नास्वामीवर मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. कोच पंडित. त्याच मैदानावर १९९९ मध्ये, मध्य प्रदेशाचे कर्णधार असताना, ते कर्नाटकाकडून फायनल हरले होते. तेवीस वर्षांनी ते डोळे पुसत उभे होते. आणि मी? माझा संघ नव्हता, तरी मी खूश. बघा, आमचे सर!

हे 'आमचे' जरा खोलात जाऊन पाहिलं. मध्य प्रदेश जिंकला याचा अर्थ, पंडित जातील तिथे कप. मग विदर्भाचे दोन कप कोणाचे? जर पंडितांचेच, तर फैज फझल, अक्षय वखरे, आदित्य सरवटे, गुरबानी हे सगळे कोण? ही शंका आपल्याच माणसांच्या कर्तबगारीवर पाणी ओतणारी, आणि मी ती आनंदानं मान्य करत होतो. नागपूरच्या, अकोल्याच्या पोरांनी जिंकलं असं म्हणण्यापेक्षा बाहेरून एक जादूगार आला आणि त्यानं जिंकवलं, हे मला सोपं वाटत होतं. आपल्यातल्या कोणाला काही जमेल यावर मनातून विश्वासच नाही. अनुशेषाची सवय अशी की कर्तृत्वही बाहेरूनच मंजूर होऊन यायला हवं. उमेश यादवला घडवण्यात ज्यांचा मोठा हात आणि जे त्या विजेत्या संघाच्या गोलंदाजांच्या पाठीशी होते, ते सुब्रतो बॅनर्जी तर बाहेरचेच; पण त्यांचंही नाव आमच्या डब्यात निघाल्याचं मला आठवत नाही. एका जादूगारावर भागतं आमचं.

याचा पुरावा २०२५ नं दिला. २ मार्चला जामठ्याला फायनल अनिर्णित राहिली आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भानं केरळला मागे टाकून तिसऱ्यांदा रणजी जिंकली. दानिश मालेवारच्या १५३, करुण नायरच्या दुसऱ्या डावात १३५, हर्ष दुबेचे मोसमात ६९ बळी, रणजीच्या इतिहासात एका मोसमातले सर्वाधिक. कोच होते उस्मान गनी, विदर्भाकडूनच खेळलेले. आदल्या वर्षीही त्यांनी संघाला फायनलपर्यंत नेलं होतं. पंडित सर असते तर, हे म्हणायला आता जागाच उरली नव्हती. तरी डब्यात गनी सर असं कोणी म्हटलं नाही. मी एकदा नाव काढलं, तर समोरचा म्हणाला, "कोन बाप्पा हा?"

उलट त्या फायनलमध्ये चर्चा कोणाची झाली? आदित्य सरवटेची. २०१९ च्या नागपूरच्या फायनलमध्ये अकरा बळी घेऊन कप मिळवून देणारा हा आमचा डावखुरा आता केरळकडून खेळत होता आणि त्यानं आमच्याच विरुद्ध ७९ धावा केल्या. २०१८ च्या फायनलमध्ये विदर्भासाठीही त्याच्या ७९ च होत्या. हा योगायोग सांगून एकानं त्याला जे विशेषण लावलं ते इथे छापता यायचं नाही. नंतर आमच्या अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याकडे गेला तेव्हाही तेच. पंडित गेले तसेच हेही गेले: चांगली संधी दिसली, पकडली. एकाला आशीर्वाद, दुसऱ्यांना शिव्या. पाहुण्याला निरोप देताना आपण फाटकापर्यंत जातो. घरचं माणूस वेगळं बिऱ्हाड करतं तेव्हा हिशेब काढतो.

हे सगळं खरं असलं तरी पंडितांचं ऋण खोटं ठरत नाही. त्या पाच धावांच्या सकाळी, आपल्यालाही जिंकता येतं, हे मला पहिल्यांदा कळलं, आणि ते त्यांच्यामुळे कळलं. फक्त मी ते अर्धंच शिकलो. जिंकता येतं, एवढं घेतलं. 'आपल्याला' हा शब्द मागेच राहिला.

परवा भाच्यानं क्लॉपच्या शेवटच्या दिवसाचा व्हिडिओ पुन्हा लावला. निरोपाच्या भाषणात हा माणूस हातात माइक घेऊन भरल्या मैदानाला कोणाचं नाव गायला लावतो? त्याच्या जागी येणाऱ्या आर्ना स्लॉटचं. अजून आलाही नव्हता तो. मग भाच्यानं मोबाइलवर विदर्भाच्या २०२५ च्या विजेत्या संघाचा फोटो शोधला आणि माझ्यासमोर धरला. "यात तुमचे गनी सर दाखवा, मामा." मी वाडकर दाखवला, करुण नायर दाखवला, हर्ष दुबे दाखवला. गनी कोणते ते फुटबॉलवाल्या पोरालाच गूगल करून सांगावं लागलं.