पगारवाढ मागणे हा लोभ आहे काय?



आपल्या धर्मग्रामातली कितीतरी मुले-मुली आज पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांत नोकरी करतात. त्यांतली काही ‘हेल्पडेस्क’वर आहेत. हे काम नेमके काय, ते घरच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक नसते. ‘पोरगं कंप्युटरवर आहे’ एवढे त्यांना पुरते. मोठ्या कंपनीत कुणाचा पासवर्ड अडला, प्रिंटर चालेना, घरून काम करणाऱ्याचे नेट जुळेना, की तो फोन करतो. त्या तक्रारीला तिकीट म्हणतात. तिकीट ठरलेल्या मिनिटांत उघडायचे, ठरलेल्या तासांत सोडवायचे, आणि समोरचा कितीही चिडून बोलला तरी आपला आवाज चढू द्यायचा नाही. गिऱ्हाईक अमेरिकेतले असेल तर हे काम रात्रभर चालते. आपण वैरागमध्ये झोपलेले असतो तेव्हा आपली मुले परक्या देशातल्या माणसाची अडचण शांतपणे ऐकत असतात.

नाताळाला, ईस्टरला ही मुले घरी येतात तेव्हा एक प्रश्न हमखास कानी येतो. ‘फादर, तीन वर्षे झाली, पगार आहे तेवढाच आहे. खोलीचे भाडे वाढले, मेस वाढली. वाढवून मागू का? मागितला तर लोभ होईल का?’ आणि शेजारी बसलेली आई म्हणते, ‘असू दे की पोरी. देवानं दिलंय त्यात भागवावं. नोकरी आहे हेच लई झालं.’

आईची भीती खोटी नाही. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या बलाढ्य कंपनीने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसे कमी करण्याचे जाहीर केले. पासवर्ड बदलून देण्यासारखी साधी कामे तर आता यंत्रच करू लागले आहे. अशा दिवसांत मुलीने गप्प राहावे असे आईला वाटणारच. मात्र भीतीला समाधान हे नाव देऊ नये. समाधान हे देवाचे दान आहे, भीती नव्हे.

जे लोक ‘आहे त्यात भागवा’ म्हणतात ते बहुधा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा आधार घेतात. लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात शिपाई योहानाला विचारतात, आम्ही काय करावे? तो त्यांना आपल्या पगारात समाधानी राहायला सांगतो. पण त्याआधी तो काय सांगतो ते आपण विसरतो! कुणाला धमकावून, खोटे आळ घालून पैसे उकळू नका, असे त्याचे पहिले सांगणे आहे. ते शिपाई पगाराची भर गरिबाच्या खिशातून काढत होते. त्यांना अडवणारा हा उपदेश आहे. मालकासमोर उभे राहून सरळ मागणी करणाऱ्या कामगाराला तो लावणे बरोबर नाही. त्याच शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू शिष्यांना गावोगाव धाडतो तेव्हा कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे, असे स्वतःच सांगतो. संत पौलाने करिंथच्या मंडळीकडून मोबदला घेतला नाही, तंबू शिवून पोट भरले, हे खरे. पण माझा हक्क आहे, हे आधी ठासून सांगून मग त्याने तो सोडला. आपला हक्क सोडणे हे पुण्य असू शकते. दुसऱ्याला त्याचा हक्क सोडायला लावणे हे पुण्य नव्हे, मग तो दुसरा आपलाच मुलगा का असेना.

जुन्या करारात याकोबाची गोष्ट आहे. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाने उत्पत्तीच्या पुस्तकाचे तिसावे आणि एकतिसावे हे दोन अध्याय वाचावेत. याकोबाने मामा लाबानाकडे वीस वर्षे काढली, चौदा त्याच्या दोन मुलींसाठी आणि सहा कळपासाठी. लाबानाने त्याची मजुरी दहा वेळा बदलली. लाबानाला याकोबाची किंमत कळत नव्हती असे नाही. तुझ्यामुळे देवाने मला बरकत दिली, हे तो तोंडाने कबूल करतो, मजुरी तूच सांग असेही म्हणतो. आणि ठरल्यावर फिरवतो. (असे गोड बोलणारे साहेब आजही भेटतात म्हणे.) शेवटी याकोब न सांगता बायका-मुले आणि कळप घेऊन निघून जातो, लाबान त्याला डोंगरात गाठतो, आणि तिथे याकोबाचे साठलेले सगळे बाहेर पडते. तुझ्या मेंढ्यांचे गर्भ वाया गेले नाहीत, तुझे मेंढे मी खाल्ले नाहीत, जनावराने फाडलेल्याचे नुकसान मी सोसले, दिवसा ऊन आणि रात्री थंडी सोसली, डोळ्याला डोळा लागला नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. पाहा, हा कामाचा चोख हिशेब आहे! पण तो उशिरा आला. आधी समोरासमोर बोलता आले असते तर गुपचूप पळणे, पाठलाग आणि मनातले विष कदाचित टळले असते.

म्हणून तरुण मित्रांनो, याकोबाचा हिशेब घ्या, त्याचा उशीर घेऊ नका. वर्षभरात किती तिकिटे सोडवली, त्यांतली किती परत उघडावी लागली नाहीत, नवीन आलेल्या किती जणांना काम शिकवले, किती रात्रपाळ्या आणि सणाच्या पाळ्या केल्या, हे वहीत लिहून ठेवा. अप्रेझलच्या आधी साहेबाची वेळ मागून घ्या. ‘काहीतरी बघा ना साहेब’ असे न म्हणता नेमका आकडा सांगा आणि तो का, हेही सांगा. नाही म्हटले तर कशाने हो होईल आणि कधी, ते विचारा. तुमची नेमणूक ठेकेदारामार्फत असेल तर पगाराचा आकडा खरोखर कोणाच्या हातात आहे, हे आधी शोधून काढा. नाहीतर दोन दारांमध्ये चपला झिजतील.

खोटे मात्र बोलू नका. दुसऱ्या कंपनीचे बनावट ऑफर लेटर दाखवून पगार वाढवून घेणे, न सुटलेले तिकीट सुटले म्हणून बंद करून आपले आकडे फुगवणे, हे योहानाच्या त्या शिपायांचेच काम झाले.

पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी ‘रेरूम नोव्हारूम’ हे परिपत्रक काढले, तेव्हा सोलापुरात कापडगिरणीचा भोंगा वाजू लागून काही वर्षेच झाली होती. दोघांनी ठरवले म्हणजे मजुरी न्याय्य झाली असे नाही, हे त्यांनी त्यात स्पष्ट केले. साधेपणाने राहणाऱ्या कामगाराचे त्यात भागले पाहिजे. आणि गरजेपोटी किंवा त्याहून वाईटाच्या भीतीपोटी त्याने कमी पैशांना होकार दिला असेल, तर ती त्याच्यावर झालेली बळजबरी आहे. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप महोदयांनी लिओ हेच नाव घेतले, आणि दोनच दिवसांनी कार्डिनल मंडळींना त्याचे कारण सांगताना या परिपत्रकाचा आणि आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख केला. ख्रिस्तसभेची शिकवण मालकाची बाजूही पाहते. कामगाराची गरज आणि त्याचे योगदान यांबरोबर धंद्याची स्थितीही विचारात घ्यावी, असे ती सांगते. कंपनी खरोखर अडचणीत असेल तर थांबणेही न्याय्य असू शकते.

आता आपल्याकडे वळू. वैरागहून सोलापूरला जाताना नान्नज लागते. तिथल्या द्राक्षांनी सोलापूर जिल्ह्याचे नाव दूरवर नेले आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला आपल्याला म्हणून जवळचा वाटतो. मालक शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिनार देतो. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, घराची त्या दिवसाची भाकरी. सकाळपासून राबलेले कुरकुरतात ते स्वतःला कमी मिळाले म्हणून नव्हे, दुसऱ्याला तेवढेच मिळाले म्हणून! पगार मागताना शेजारच्या खुर्चीकडे पाहू नये ते एवढ्यासाठी. पण एकच काम, आणि बाई आहे म्हणून पैसे कमी, ही कुरकुर नव्हे, तो अन्याय आहे. त्याविरुद्ध १९७६ पासून देशात कायदा आहे, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही तीच तरतूद आहे.

मग आपल्या रानात काय चालते? लेकीला पुण्यात पगारवाढ मिळावी म्हणून नोव्हेना करणाऱ्या घरात बाईची हजेरी गड्याच्या हजेरीएवढी असते का? ज्वारी काढायला दोघे एकाच पातीला लागतात, ऊन दोघांनाही तेच लागते. अनुवादाचे चोविसावे प्रकरण गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगते, कारण त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. आपण बाजाराच्या दिवसावर ढकलतो, कधी सोयाबीनची पट्टी येईपर्यंत. संत याकोबाच्या पत्रात ती थकवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश देवाच्या कानी जातो.

आणि ख्रिस्तसभेलाही हे लागू आहेच. १९७१ साली रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या सिनडने म्हटले की जो लोकांना न्यायाविषयी सांगतो त्याने आधी लोकांच्या नजरेत न्यायी असले पाहिजे, आणि ख्रिस्तसभेची सेवा करणाऱ्यांना पुरेसा मोबदला मिळाला पाहिजे. आपल्या चर्चची घंटा वाजवणारे, झाडलोट करणारे आणि मुलांना धर्मशिक्षण देणारे लोक कधी तोंड उघडून मागत नाहीत. धर्मग्राम मंडळाची सभा पुढच्या रविवारी मिस्सानंतर आहे. त्यांच्या मानधनाचा विषय पहिला घेतला जाईल आणि जमाखर्चाची वही सर्वांसमोर असेल. ज्यांच्या मानधनाविषयी बोलायचे आहे त्यांनाही सभेला बोलावले आहे. त्यांचे म्हणणे आधी ऐकू.