दिवा लावणे पाप आहे का?



गेल्या महिन्यात धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना सृष्टीच्या जपणुकीविषयी सांगत होतो. वीज कोळसा जाळून तयार होते, त्याच्या धुराने हवा बिघडते, पृथ्वी तापते, एवढे सांगून झाले तेव्हा पाचवीतल्या एका मुलीने हात वर केला. "फादर, मग दिवा लावणे पाप आहे का?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, "नाही गं बाळ" म्हणालो आणि पुढच्या धड्याकडे वळलो. उत्तर चुकीचे नव्हते, पण घाईचे होते. तो प्रश्न अजून आमची पाठ सोडत नाही.

आपल्या उपनगरांना अनेक वर्षे डहाणूच्या औष्णिक केंद्रातून वीज मिळत आली. ५०० मेगावॅटचे हे केंद्र १९९५ साली सुरू झाले. डहाणू म्हणजे चिकूच्या वाड्या, आदिवासी पाडे आणि मच्छीमारांची गावे. केंद्र सरकारने १९९१ सालीच हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून तालुक्यासाठी खास प्राधिकरण नेमले गेले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. धुरातला गंधकाचा वायू काढून टाकणारी यंत्रणा बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ साली दिला. ती सुरू झाली २००७ साली.

मधल्या आठ वर्षांत आपल्या घरांतले पंखे फिरतच होते. आम्ही तेव्हा याच शहराच्या उपनगरात, सेमिनरीत, दिव्याखाली बसून नीतिशास्त्राचे धडे गिरवत होतो. तो दिवा कुठून पेटतो, हे आम्ही कधी विचारले नाही.

ज्याची माहिती नाही त्याचा दोष कसा लागेल, असे कोणी म्हणेल. संत थॉमस अक्वायनस यांनी अज्ञानात एक महत्त्वाचा भेद केला आहे. काही अज्ञान असे असते, की कितीही प्रयत्न केला तरी ते दूर होत नाही. त्याचा दोष माणसाला लागत नाही. पण काही अज्ञान थोडी चौकशी केली तर दूर होण्याजोगे असते. जे जाणून घेणे आपले कर्तव्य होते ते आपण आळसाने किंवा सोयीसाठी जाणून घेतले नाही, तर त्या अज्ञानाची जबाबदारी आपलीच. आज कोळशाविषयी पहिल्या प्रकारचे अज्ञान कोणाजवळ उरले आहे? गंधक धुऊन काढता आला, पण कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून जातोच. कोळशापासून केलेल्या एका युनिट विजेमागे तो जवळपास एक किलो होतो. अवकाळी पावसात हातचे पीक गमावणारा शेतकरी आपल्या ओळखीचा नसेल, पण म्हणून तो आपला शेजारी नाही असे होत नाही.

मग सूर्याची, वाऱ्याची, पाण्याची वीज आली की आपण सुटलो का? इथेही घाई नको. मुंबईला विजेचा मोठा पुरवठा सुरू झाला तो कोळशावर नव्हे, तर पाण्यावर. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ सालचे. त्या विजेला धूर नव्हता. पण पुढे मुळशीला धरण बांधायचे ठरले, तेव्हा मावळ्यांच्या जमिनी जाऊ लागल्या आणि १९२१ साली सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. सत्याग्रही तुरुंगात गेले, धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. वीज स्वच्छ असली तरी व्यवहार स्वच्छ असतोच असे नाही. उद्या सौर प्रकल्पासाठी कोणाच्या चराईचे रान गेले, तर तोच जुना अन्याय नव्या नावाने होईल. आणि कोळसा बंद होताना चंद्रपूरच्या खाणीत राबणाऱ्या कुटुंबाच्या चुलीचे काय, हेही विचारायला हवे. ज्यांच्या घामावर आपण उजेड भोगला, त्यांना वाऱ्यावर सोडणे म्हणजे कृतघ्नपणा होय.

दुसरा आक्षेप आम्ही पुष्कळदा ऐकतो. "श्रीमंत देशांनी शंभर-दीडशे वर्षे कोळसा जाळला, भुर्दंड आपण का भरायचा?" यात तथ्य आहे. ज्याने जास्त जाळले त्याने जास्त भरावे, हा न्यायच आहे. परंतु दुसऱ्याचे कर्ज मोठे आहे म्हणून आपले लहान कर्ज माफ होत नाही. आपल्या देशात २०२५ साली वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, वायू अशा इंधनांवाचूनची झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. तरीही प्रत्यक्ष तयार होणारी बरीचशी वीज अजून कोळशाचीच आहे, कारण सूर्य मावळल्यावरही आपले दिवे लागतात. दिवसाची वीज रात्रीसाठी साठवण्याच्या सोयी वाढायला वेळ लागेल. तोपर्यंत रात्री वाचवलेले प्रत्येक युनिट मोलाचे आहे.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात, कोळशासारख्या इंधनांची जागा विनाविलंब दुसऱ्या ऊर्जेने घ्यावी, असे स्पष्ट सांगितले. त्याआधीच, पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या काळात, २००८ साली व्हॅटिकनच्या सभागृहाच्या छपरावर सुमारे २,४०० सौर पट्ट्या बसल्या होत्या. आपल्या चर्चच्या छपरावरही दुपारभर ऊन पडते. एक किलोवॅटच्या सौर पट्ट्यांपासून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. घरांसाठी २०२४ साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. ज्यांचे छप्पर स्वतःचे आहे त्यांनी चौकशी करावी, सोसायटीत राहणाऱ्यांनी सभेत विषय काढावा. आणि सणाची रोषणाई यंदा तीन रात्रींऐवजी एकच रात्र ठेवून उरलेली रक्कम चर्चच्या सौर पट्ट्यांसाठी बाजूला काढावी, असे आम्हाला वाटते. काहींना हे रुचणार नाही, याची कल्पना आहे. येत्या सभेत मोकळेपणाने बोलावे. आम्ही ऐकू.

त्या मुलीला आता नीट उत्तर द्यायचे आहे. बाळ, दिवा लावणे पाप नाही. अभ्यासाला, आजारी आजीच्या उशाशी, प्रार्थनेला दिवा हवाच. पण तो कोणाच्या जिवावर जळतो हे न विचारणे, विचारून कळल्यावरही काही न करणे, आणि खोलीत कोणी नसताना तो तसाच जळू देणे, याचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल. सेमिनरीतला तो दिवा आठवला, की या हिशेबात पहिले नाव आम्हाला आमचेच दिसते.

प्रभूमध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू